पोटखराबा

(पहाट. तलावावर धुकं. लांब उथळ पाण्यात सारसांची जोडी.)

हा तलाव गोंदिया जिल्ह्यातला. गावाचं नाव आम्ही घेत नाही, कारण ही जोडी याच पाण्यात घरटं करते.

(जूनची दुपार. पाणी उतरलेलं, भेगाळलेला काठ.)

उन्हाळ्यात पाणी मागं सरतं आणि ही जमीन उघडी पडते. पाण्याची कड आणि धानाची पहिली बांधी यांच्यामधला हा पट्टा. सातबाऱ्यावर त्याची एका शब्दात नोंद आहे: पोटखराबा. लागवडीला निकामी.

(चुन्याच्या रेघा. लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या.)

या निकामी जमिनीवर मागच्या वर्षी चुना पडला. इथं गोल्फचं मैदान करायचं आहे. सोबत रिसॉर्ट. आणि मैदान साधंसुधं नाही, 'लिंक्स'.

लिंक्स हा शब्द स्कॉटलंडचा. समुद्र आणि शेती यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्याला तिथले लोक लिंक्स म्हणतात. नांगर धरत नाही म्हणून तिथं मेंढरं चरायची. वाऱ्यानं उंचवटे केले, मेंढरांनी गवत बारीक ठेवलं आणि माणसं त्यावर खेळू लागली. सेंट अँड्र्यूजला 15 व्या शतकापासून हा खेळ चालू आहे. ते मैदान कुणी नकाशा काढून बांधलं नव्हतं.

आता बांधतात. स्कॉटलंडमध्येच अ‍ॅबर्डीनच्या उत्तरेला, वाऱ्याबरोबर सरकत राहणाऱ्या वाळूच्या टेकड्यांवर डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीचं मैदान 2012 मध्ये सुरू झालं. टेकड्या जागच्या हलू नयेत म्हणून त्यांच्यावर गवत लावलं. सरकत राहणं हाच त्या टेकड्यांचा जीव होता. 2020 मध्ये तिथल्या निसर्ग संरक्षण यंत्रणेनं त्या जागेचा संरक्षित दर्जा काढून घेतला, राखण्याजोगं आता तिथं पुरेसं उरलं नाही म्हणून.

(मूठभर गाळ. मूठ उघडते, बोटांचे ठसे तसेच.)

आमचा काठ वाळूचा नाहीच. हा काळा, चिकट गाळ आहे. इथं लिंक्स करायचं तर ट्रकांनी रेती आणून ओतावी लागेल.

(पाळीवरून चालणारी म्हातारी. कॅमेरा तिच्या मागं.)

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं ते बांधले. नवेगाव बांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळीनं बांधला असं सांगतात. पुढं ते मालगुजारांकडे, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्यांकडे आले. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी, म्हणून लोक त्यांना मामा तलाव म्हणतात.

बांधणाऱ्यांची अक्कल इथं उभं राहून कळते. पाळ, म्हणजे मातीचा बांध, फक्त उताराच्या बाजूला घातली आहे. वरच्या बाजूला काहीच नाही. तिकडं तलाव उघडा सोडला आहे. रानातलं पाणी याच बाजूनं आत येतं, गवतातून गाळत येतं, माती मागं ठेवतं. म्हणजे सातबारा ज्याला खराबा म्हणतो, ते तलावाचं तोंड आहे.

(बेशरमाची दाट झाडी. कोयत्याचा आवाज. ढिवर बाया रांगेत.)

या बाया ढिवर समाजाच्या. तलावावर मासेमारीचा हक्क त्यांच्या संस्थेचा आहे. जाळ्यात काही येईना, तेव्हा त्या काठाकडं वळल्या. आधी बेशरम काढलं, काठावर माजणारं झुडूप. नुसतं कापून भागत नाही, एक पेर जरी ओल्यात पडलं तरी ते पुन्हा फुटतं. म्हणून मुळासकट उपटायचं, पाळीपलीकडं नेऊन वाळवायचं आणि जाळायचं. मग तळ नांगरून गाळ भुसभुशीत केला. पाऊस पडल्यावर शेजारच्या चांगल्या तलावातून रोपं आणली, ओल्या पोत्यांत, डोक्यावर.

(हात. फक्त हात.)

नीट बघा. मुळाभोवती चिखलाचा गोळा दाबायचा, लिंबाएवढा. गोळा जड असला तरच रोप तळाशी बसतं, नाहीतर वर येऊन तरंगतं. खोल पाण्यात पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती, त्याच्या अलीकडं कमळ, अगदी कडेला देवधान. देवधान म्हणजे रानटी धान, कुणी न पेरलेलं. आणि सगळ्याभोवती जाळं, गुरांनी खाऊ नये म्हणून.

आम्ही विचारलं, काकू, गवतासाठी एवढी मेहनत?

"मोकळ्या पान्यात मासोरी अंडे नाई देत, बापू. तिले आडोसा लागते."

मरळ, दाडक, बोटरी. इथल्या मुलांना माशांची ही नावं पुन्हा पाठ झाली आहेत.

(उथळ पाणी. गवताचा ढीग. सारस मादी मान खाली घालते.)

सारस उभा राहिला की माणसाएवढा. घरटं मात्र उथळ पाण्यात, आसपासचं गवत उपटून रचलेलं. अंडी बहुतेक दोनच. नरमादी आळीपाळीनं महिनाभर बसतात. हे घरटं तिसऱ्या खुंटीपासून फार लांब नाही.

ग्रामसभेत मैदानाचा विषय दोनदा निघाला, दोन्ही वेळा पुढं ढकलला.

(ऑगस्ट. भरलेला तलाव.)

चुना धुऊन गेला. खुंट्या अर्ध्याहून जास्त पाण्यात आहेत, चिंध्या तेवढ्या दिसतात. काकूंची रोपं याच रांगेत लावली होती. पाणी गढूळ, त्यामुळं कॅमेऱ्यात काही येत नाही. त्या लुगडं खोचून आत उतरल्या, पायानं चाचपत पुढं गेल्या.

"लागली जी."