सरकारी खात्यात बदल पचवून देण्याची नोकरी : एकदाचं सांगूनच टाकते

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच. "ताई, सरकारी खात्यात चेंज मॅनेजमेंट आणि कम्युनिकेशनमध्ये करिअर होतं का?" होतं. नवी पद्धत आली की ती लोकांना समजावून त्यांच्या अंगवळणी पाडायची, हे ते काम. नऊ वर्षं मी त्यावरच पोट भरतेय.

शिरायचं कसं, ते भराभर सांगते. एमपीएससी देऊन माहिती व जनसंपर्क महासंचालनालयात. नाहीतर जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता कक्षात आयईसी (माहिती, शिक्षण, संवाद) सल्लागार किंवा एखाद्या प्रकल्पाच्या पीएमयूमध्ये (प्रकल्प व्यवस्थापन कक्षात), दोन्हीकडे कंत्राटी. वय २१ ते २६ असेल तर मुख्यमंत्री फेलोशिपची जाहिरात बघा. जाहिरातीत 'चेंज मॅनेजर' शोधत बसू नका, बहुतेक 'क्षमताबांधणी' लिहिलेलं असतं. पगार? माझा अकरा महिन्यांचा करार, मानधन कधीकधी तीन महिन्यांचं एकदम. झालं.

आता जिथे सगळे आपटतात तिथे येऊ. बदल आधी सांगायचा कुणाला? टेबलामागच्या माणसाला. जनतेचा नंबर नंतर.

ई-पीक पाहणी घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तलाठी करायचे ती पिकांची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची. 'मीच नोंदवणार माझा पीकपेरा', घोषवाक्य झकास. पण ॲप अडलं की शेतकरी बॅनर वाचायला जातो का? तो भाऊसाहेबांना फोन लावतो. (पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून भाऊसाहेबच.) आणि भाऊसाहेबच म्हणाले, "मलाही नीट माहीत नाही बुवा," की तुमचे सगळे बॅनर गोठ्यावर ताडपत्री म्हणून गेले समजा.

एका दादांनी लिहिलंय, "म्हणजे साहेबांचे फोटो टाकायचं काम ना?" दादा, तेही केलंय. नारळ फोडतानाचे सतरा फोटो, सोळांत साहेबांचे डोळे मिटलेले. असो.

माझीच फजिती ऐका. एका कार्यालयात ई-ऑफिस आणायचं होतं, म्हणजे कागदी फाइल बंद, सगळी कॉम्प्युटरवर. मी बेचाळीस स्लाइड केल्या. लॉगिन, टिपणी, डिजिटल सही, सगळं. चहाच्या वेळी एक अव्वल कारकून, निवृत्तीला आलेले काका, हळूच म्हणाले, "मॅडम, फाइल पुढच्या टेबलला दिली की मी रजिस्टरला सही घेतो. उद्या फाइल हरवली तर ती सहीच मला वाचवते. तुमच्या यात ती कुठंय?"

फाइल कुणाकडून कुणाकडे, किती वाजता गेली, हे ई-ऑफिसात आपोआप नोंदलं जातं. सहीपेक्षा पक्कं! पण बेचाळीस स्लाइडमध्ये मी तेवढंच सांगितलं नव्हतं. महिनाभर तिथे स्क्रीनवरच्या फाइलची प्रिंट काढून, फीत बांधून, रजिस्टरला सही घेऊन पाठवत होते.

आणि आपल्याकडे परिपत्रकात 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते' लिहिलं की कळवलं! हजेरीपत्रकावर सही झाली की प्रशिक्षण झालं! डोकं फिरतं माझं. अहो, परिपत्रक काढायच्या आधी त्या टेबलाशी खुर्ची ओढून बसा. विचारा, "काका, यात तुमचं काय जातंय?" तिसऱ्यांदा सांगतेय, माहितीये मला. कमेंटमध्ये लिहू नका.

त्या काकांना मी मग ती नोंद उघडून दाखवली. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचली. मान डोलावली. म्हणाले, "छान आहे. याची एक प्रिंट द्या."