लॉगमध्ये उतरलेले पासवर्ड

३ मे २०१८. ट्विटर आपल्या सगळ्या वापरकर्त्यांना कळवतं: पासवर्ड बदलून घ्या. ३३ कोटींच्या आसपास माणसं. बाहेरून कुणी घुसलेलं नव्हतं. पासवर्ड ट्विटरच्याच एका अंतर्गत लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिम आपल्या कामाची नोंद ठेवते त्या फाइलमध्ये, जसेच्या तसे लिहिले गेले होते.

पासवर्ड सर्व्हरवर पोचला की बीक्रिप्टसारखी पद्धत त्याचा हॅश करते, म्हणजे त्याची न ओळखता येणारी अक्षरमाळ बनवते. हॅशवरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही, म्हणून डेटाबेसमध्ये फक्त हॅशच ठेवतात. ट्विटरही हेच करत होतं. पण एका बगमुळे हॅशिंग पूर्ण होण्याआधीच पासवर्ड लॉगमध्ये उतरत होता.

मोठ्या वेब ॲप्लिकेशनच्या मागे शेकडो सर्व्हर राबत असतात. कुणाचं पेमेंट अडकलं, तर एकेका सर्व्हरवर जाऊन फाइल कोण उघडत बसणार? म्हणून सगळ्यांचे लॉग एका जागी आणतात. प्रत्येक ओळीत वेळ, सर्व्हिसचं नाव, लेव्हल (साधी माहिती की एरर), रिक्वेस्ट आयडी (वापरकर्त्याकडून आलेल्या त्या विनंतीची खूण). आयडी टाकून शोधलं की त्या एका रिक्वेस्टचा सगळा माग समोर येतो. रात्री सिस्टिम बसली की टीमला याचाच आधार असतो.

मात्र त्याच वाटेने चुकून लिहिलेला पासवर्डही मध्यवर्ती साठ्यात जातो, तिथून बॅकअपमध्ये. डेटाबेसची परवानगी मोजक्यांना असते. लॉग मात्र डेव्हलपर, टेस्टर, सपोर्ट असे अनेक जण उघडतात.

२०१९ मध्ये फेसबुकनेही कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत यंत्रणेत उघडे राहिल्याचं मान्य केलं. त्याबद्दल आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने २०२४ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीला, मेटाला, ९ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला.

असं होण्याची एक नेहमीची वाट आहे. बग शोधताना कुणीतरी अख्खी रिक्वेस्ट लॉगमध्ये छापतं आणि कोडची ती ओळ तशीच प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या सिस्टिमवर, जाते. कोडमध्ये टॅब वापरायचा की स्पेस, एवढ्यावरच थांबणारं कोडिंग स्टँडर्ड (कोड लिहिण्याचे टीमचे नियम) इथे कामाला येत नाही. अख्खी रिक्वेस्ट छापायची नाही, पासवर्ड, टोकन (लॉगिननंतर मिळणारी डिजिटल ओळखखूण), ओटीपी आधी झाकायचे, हे त्यात लिहिलेलंच हवं. रेल्ससारख्या फ्रेमवर्कमध्ये (वेब ॲप्लिकेशन बांधायच्या तयार सांगाड्यात) तर अशी फील्ड झाकण्याची सोय तयार मिळते.

आणि तपासायचं कसं? टेस्टमध्ये सहज ओळखू येईल असा खोटा पासवर्ड टाकून लॉगिन करायचं, मग तोच मध्यवर्ती लॉगमध्ये शोधायचा. सापडला, तर रिलीज तिथेच थांबवायची.