लाज कुठून येते?

स्क्रीनवर दोन माणसं चुंबन घेतायत, आणि आपल्याला वाटतं की हे तर निसर्गानेच दिलंय, जगात सगळीकडे असंच असणार. पण २०१५ साली काही मानववंश अभ्यासकांनी १६८ संस्कृतींची माहिती तपासली तेव्हा प्रेमातलं असं ओठांचं चुंबन फक्त ७७ ठिकाणी सापडलं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. मग बाकीच्यांकडे प्रेम नाही का, आहे की, दाखवायची रीत वेगळी आहे एवढंच.

इच्छा शरीरातून येते, हार्मोन्सचा त्यात हात आहे, ते कोण नाकारतंय. पण ती कुणाजवळ बोलायची, कधी दाबायची, कशाची लाज धरायची हे आपण शिकतो, आणि बरंचसं कुणी समोर बसवून शिकवतही नाही, लहानपणी काहीतरी विचारल्यावर मोठी माणसं जी एकदम गप्प होतात ना, त्यातूनच मूल सगळं समजून जातं.

आणि कधीकधी भीती चक्क लिहून पसरवली जाते. अठराव्या शतकात तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने लिहिलं की हस्तमैथुनाने शरीर खंगतं, नजर जाते, वेड लागतं, आणि मग युरोप-अमेरिकेतले डॉक्टर शंभरेक वर्षं तेच सांगत राहिले, काही ठिकाणी तर मुलांचे हात रात्री बांधून ठेवायचे. यातलं काहीच होत नाही हे आज वैद्यकशास्त्र स्पष्ट सांगतं, तरी ती भीती अजून पोरांच्या डोक्यातून गेलेली नाही, याचं फार वाईट वाटतं.

समलैंगिकतेचंही तेच झालं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये तिला आजारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. माणसं तीच होती, यादी बदलली.

पण यादी बदलेपर्यंत काय काय सोसलं लोकांनी! दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडायला ज्यांनी एवढी मदत केली त्या ॲलन ट्युरिंगना १९५२ मध्ये, एका पुरुषाशी संबंध होते म्हणून, ब्रिटनच्या कोर्टाने दोषी ठरवलं, आणि तुरुंग टाळायचा तर इच्छा मारणारे हार्मोन्स घ्या अशी अट घातली. दोन वर्षांनी ते गेले, वय ४१. राणीची माफी आली ती २०१३ साली, आणि माफी तरी कशाची, गुन्हा काय केला होता त्यांनी?