दोन पाण्यांचं गाव

(दृश्य: गच्ची. उघडून ठेवलेला कूलर. हाताच्या मुठीत मोडणारं जुनं गवत.)

होळी झाली की सोलापुरात घरोघरी एक काम निघतं. कूलर बाहेर येतो, बाजूच्या जाळ्या सुटतात आणि गेल्या उन्हाळ्यातलं गवत उपसलं जातं. आणलं तेव्हा ते मऊ होतं, पिवळसर होतं. आता मुठीत धरलं तर कुरकुर मोडतं आणि हाताला पांढरी पूड लागते. आपण म्हणतो, धूळ बसली. थोडी धूळ असेलही, पण बाकीचा बराचसा दगड आहे. आपणच तो बादलीबादलीनं कूलरमध्ये ओतला.

थोडा हिशोब मांडू. कूलर दिवसाला ४० लिटर पाणी पितो असं धरा. पाणी बोअरचं, आणि त्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅम धरा. पाणी हवेत उडून जातं, क्षार उडत नाहीत. म्हणजे रोजचे २० ग्रॅम मागे राहतात. एप्रिल आणि मे मिळून ६० दिवसांचे १ किलो २०० ग्रॅम! वाण्याकडून पुडीत बांधून आणले असते, तर इतके कशाला हवेत म्हणून आपणच विचारलं असतं.

(दृश्य: पहाटेची गल्ली. नळाखाली घागरी, मोटर सुरू झाल्याचा आवाज.)

सोलापूरकराला पाण्याचा वार पाठ असतो. नळ आज येणार की परवा, चावीवाला आधी कुठल्या बाजूला सोडतो, दाब किती वेळ टिकतो, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत. नळाचं पाणी लांबून येतं. भीमेवरचं उजनी धरण इथून शंभरेक किलोमीटरवर, तिथून थेट जलवाहिनी आहे. शिवाय टाकळीला भीमेतून उपसा होतो आणि हिप्परग्याचा इंग्रजांच्या काळातला एकरुख तलाव आहे. एवढं असूनही दोन नळांच्या मधले दिवस रिकामेच जातात, आणि ते भरून काढतं बोअर.

म्हणून इथल्या घरात पाणी दोन जातींचं. प्यायचं वेगळं भरलेलं, वापरायचं वेगळं. गावात भाषा तीन, त्यामुळे बोअरच्या पाण्याला नावंही तीन. कानडी शेजारी सवळु नीरु म्हणतात, पूर्व भागातली तेलुगू घरं उप्पु नीळ्ळु म्हणतात, आपण म्हणतो जड पाणी. शाळेच्या पुस्तकात मात्र शब्द होता ‘दुष्फेन’. तेव्हा तो पाठ करताना जीव नकोसा व्हायचा, पण शब्द नेमका आहे: ज्याला धड फेस येत नाही ते.

(दृश्य: विहिरीच्या कडेचा काळा दगड, त्यावर मुरूम, वर काळी माती.)

हा क्षार येतो कुठून? आपल्या पायाखालून. सोलापूर उभं आहे ते दख्खनच्या काळ्या पाषाणावर, लाव्हारसातून बनलेल्या बेसॉल्टवर. पाऊस इथे मुळात कमी. जो पडतो तो मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड सोबत घेतो आणि किंचित आंबट होतो. ते आंबट पाणी दगडाच्या फटींतून वर्षानुवर्षं सावकाश फिरतं आणि दगडातलं, मुरमातलं, काळ्या मातीतल्या चुनखडीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. धरणातल्या पाण्याला दगडाचा इतका सहवास नसतो, म्हणून नळाचं पाणी सहसा हलकं. बोअर जितकी खोल आणि पाणी जितकं मुरलेलं, तितकं ते बहुधा जड.

गंमत पुढे आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, हा क्षार उलट्या स्वभावाचा. पाणी तापलं की विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं, वायू उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शुद्ध चुनखडी, बाहेर पडते. सर्वांत गरम जागा कुठली? गिझरची कॉइल. थर नेमका तिथेच चढतो.

(दृश्य: प्लंबरनं बाहेर काढलेली कॉइल. पातेल्यात चुऱ्याचा ढीग.)

ही कॉइल बघा. मूळची बोटाएवढी असेल, आता मक्याच्या कणसासारखी जाड झाली आहे. हा थर उष्णता सहज पुढे जाऊ देत नाही. पाणी उशिरा तापतं, कॉइल मात्र आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस जळते. त्याआधी गिझर सांगत असतो बरं का. आतून टकटक, खडखड आवाज येतो. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते, त्याचा तो आवाज. आमच्या घरी या आवाजाकडे दोन हिवाळे दुर्लक्ष झालं. ऐन संक्रांतीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला पाहुणे आलेले असताना गिझर बसला आणि सगळ्यांच्या आंघोळी गॅसवरच्या पातेल्यावर उरकल्या.

साठवणीच्या गिझरात मॅग्नेशियमचा एक रॉड असतो. टाकी गंजण्याऐवजी तो झिजतो, ते त्याचं कामच. वर्षातून एकदा गिझर उघडून थर काढायचा, रॉड बघायचा आणि तापमान ५०-५५ अंशांवर ठेवायचं. उकळत्या पाण्याची हौस असेल तर थराचीही तयारी ठेवावी.

(दृश्य: दोरीवर वाळणारे टॉवेल.)

वॉशिंग मशीनचं दुखणं वेगळं. साबण कॅल्शियमला चिकटतो आणि त्याचा चिकट साका होतो. फेस येत नाही म्हणून आपण पावडर वाढवतो, आणि साका आणखी वाढतो. तो कपड्यांच्या धाग्यांत आणि ड्रमच्या मागे जाऊन बसतो. चादरी-टॉवेलांचं हे गाव, इथला टेरी टॉवेल देशभर जातो, आणि आपल्याच घरातला टॉवेल चार धुण्यांत पापडासारखा ताठ! रंगाच्या कारखान्यांना हे जुनं ठाऊक आहे. जड पाण्यात कापडावर रंग एकसारखा बसत नाही, बॉयलरमध्ये थर धरतो, म्हणून तिथे पाणी आधी मऊ करून घेतात.

स्वयंपाकघरातही तेच. तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात शिट्ट्यांवर शिट्ट्या खाते, कारण डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियम घट्ट धरून ठेवतं. आजी ‘डाळ नळाच्या पाण्यातच लाव’ म्हणायची, तेव्हा तिच्या हातात कुठलं मीटर नव्हतं.

(दृश्य: दुकानातला विक्रेता, ग्लासात बुडवलेलं टीडीएस मीटर.)

मीटरबद्दल बोलायलाच हवं. विक्रेता ग्लासात पेन बुडवतो, आकडा दाखवतो आणि घाबरवतो. तो आकडा विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा असतो, जडपणाचा वेगळा नसतो. भारतीय मानकात जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं. मुतखड्याची भीतीही दाखवली जाते, पण जागतिक आरोग्य संघटनेनं जडपणासाठी आरोग्याच्या कारणानं मर्यादा ठरवलेली नाही. बोअरमध्ये नायट्रेट किंवा जंतू असू शकतात. ती तपासणी वेगळी, ती जरूर करा.

नळाचं पाणी हलकं असताना आरओ लावणं मला पटत नाही. घरगुती आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो, आणि हे रोज नळ न येणाऱ्या गावात! टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्ये केंद्राला सांगितलं होतं. पाणी मऊ करणारा सॉफ्टनर वेगळा. तो कॅल्शियम घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, म्हणून त्याला अधूनमधून मीठ घालावं लागतं. टीडीएसचा आकडा त्यानं फारसा हलत नाही. अख्ख्या टाकीला परवडत नसेल तर मशीनपुरता छोटा बसवता येतो. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जडपणा तसाच राहतो.

नळाच्या तोंडावर, शॉवरच्या भोकांवर पांढरं बसलं असेल तर लिंबूसत्त्व कोमट पाण्यात घालून फडकं भिजवा आणि अर्धा तास गुंडाळून ठेवा. फसफस दिसली की समजा, चुनखडी सुटते आहे. संडासासाठी आणलेलं ॲसिड नळावर घालू नका, चकाकी जाते. ब्लीचमध्ये तर ते कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

(दृश्य: संध्याकाळ. कूलरच्या तळाची बूच, मोरीकडे जाणारी पांढरट धार.)

आणि कूलर? गवत बदलून भागत नाही. टाकीत दिवसभर फिरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत घट्ट झालेलं असतं, आपण त्यातच नवीन बादली ओततो. दोन-तीन दिवसांतून एकदा तळाची बूच काढा आणि सगळं पाणी जाऊ द्या. वाया जातं म्हणून जीव तुटतो, तर अंगणाची फरशी धुवून घ्या. तुळशीला तेवढं घालू नका.