नावेसाठी ठेवलेलं दार

मंडळी, माझी सगळी नोकरी धरणांवर गेली. दरवाजे, विसर्ग, सांडवा, हेच माझं जग. त्यामुळे भाच्याच्या बोटीतून ल्यों शहरापासून भूमध्य समुद्रापर्यंत ऱ्होन नदीतून जायचं ठरलं, तेव्हा घरच्यांना द्राक्षमळ्यांची ओढ होती आणि मला एकच प्रश्न पडला होता. एवढी धरणं अडवून बसली आहेत, त्यांतून ही बोट उतरणार कशी?

ऱ्होन स्वित्झर्लंडमधल्या हिमनदीतून निघते, लेमान सरोवरातून बाहेर पडते आणि ल्योंला सोन नदी तिला मिळते. तिथून समुद्र सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. ही मोठी तापट नदी. पूर्वी खाली येताना प्रवाहच नाव ओढून न्यायचा आणि वर जाताना काठावरून घोड्यांचे तांडे नावा ओढायचे. त्या नावाड्यांच्या तोंडी डावं-उजवं नव्हतं. उजव्या काठाला ते ‘राज्य’ म्हणत आणि डाव्या काठाला ‘साम्राज्य’, कारण एके काळी ही नदी म्हणजे फ्रान्सचं राज्य आणि पवित्र रोमन साम्राज्य यांची शीव होती. शीव पुसली गेली, राजे गेले, तरी सुकाणूवरच्या माणसाला हुकूम त्याच शब्दांत मिळत राहिला. मला ही गोष्ट फार आवडते.

आता माझ्या विषयाकडे येतो. 1921 साली फ्रान्सने ऱ्होनसाठी कायदा केला आणि त्यात नदीला तीन कामं एकदमच नेमून दिली : वीज, जलवाहतूक आणि शेतीचं पाणी. ते राबवायला 1933 मध्ये ‘काँपान्यी नास्योनाल द्यु ऱ्होन’ ही कंपनी निघाली. तीन कामं एकाच कायद्यात, हे नीट लक्षात घ्या. वीजघर आधी बांधू, नावांचं पुढे बघू, असं झालं नाही. ल्योंच्या खाली मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच आहे. बंधारा नदीचं पाणी कालव्यात वळवतो, कालव्यावर वीजघर असतं आणि वीजघराला खेटून लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, ज्यात पाणी कमी-जास्त करून नाव उतरवतात किंवा चढवतात. आपल्या विश्वकोशी मराठीत त्याला जलपाश म्हणतात. अशी 12 लॉक उतरून ही शिडी संपते. सगळ्यात शेवटी बांधलेलं व्होग्रीचं लॉक 1980 चं आहे.

त्यांतलं सगळ्यात खोल लॉक बोलेनचं, 1952 चं. ते जरा जवळून दाखवतो. लॉकजवळ येताना भाच्याने रेडिओवर हाक दिली, “आव्हालाँ”, म्हणजे प्रवाहाबरोबर खाली येणारी बोट. मालवाहू आणि प्रवासी बोटींचा मान पहिला, आमच्यासारख्या हौशी बोटींनी थांबायचं. शेवटी हिरवा दिवा लागला. अंगात लाइफ जॅकेट घालून आम्ही आत शिरलो. सुमारे 195 मीटर लांब आणि 12 मीटर रुंद असा तो हौद, त्यात आमची बोट म्हणजे परातीत पडलेला तांदळाचा दाणा. भिंतीत उभी खाच असते आणि त्या खाचेत पाण्यावर तरंगणारा लोखंडी खुंट. पाणी उतरतं तसा खुंटही उतरतो. “मामा, गाठ मारायची नाही. नुसता वेढा द्या आणि टोक हातात धरा,” भाचा म्हणाला. कारण खुंट मध्येच अडकला तर बोट दोराला लोंबकळेल. म्हणून सुरीसुद्धा हाताशी ठेवलेली.

पाणी उतरू लागलं. आवाज जवळजवळ नाही, फक्त खुंट खाचेत घासून विव्हळल्यासारखा कुरकुरत होता. आमच्या बाजूने ओली, शेवाळलेली भिंत वर वर जात राहिली, गारवा अंगाला लागला, आभाळाची पट्टी उरली. जवळजवळ 23 मीटर, म्हणजे सातमजली इमारत आम्ही उतरलो. मी तिथेच मनातल्या मनात हिशेब मांडला : एका वेळेला पाच कोटी लिटरच्या वर पाणी. आणि त्याला एकही पंप नाही! वरचं पाणी आपल्या वजनाने आत येतं, आपल्याच वजनाने खाली निघून जातं. मग खालचं दार उघडलं आणि ऊन समोर आलं. कोयनेला, जायकवाडीला असं दार नाही. जन्मभर धरणांवर राहिलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय आलं असेल, ते तुम्हाला कळेल.

पुलांची भाषा सोपी आहे. ज्या कमानीखालून जायचं, तिच्यावर कोनावर उभा केलेला पिवळा चौकोन असतो. एक असेल तर समोरूनही बोट येऊ शकते, दोन असतील तर नाही. खरी परीक्षा वाऱ्याची. उत्तरेकडून मिस्त्राल सुटला की तो खोऱ्यातून नळकांड्यातून यावा तसा पाठीवर येतो, आणि लॉकच्या तोंडाशी बोट थांबवायची तर इंजिन उलटं टाकूनही ती ऐकत नाही. आव्हिन्योंचा सँ-बेनेझे पूल मात्र वाटेत लागत नाही, त्यासाठी मुद्दाम वळून वर जावं लागतं. बाराव्या शतकात बांधलेल्या त्या पुलाला 22 कमानी होत्या, पुरांनी तोडत तोडत चार ठेवल्या.

पण एक पूल मला चुकला, त्याची रुखरुख आहे. पों-सँ-तेस्प्री. नावाडी त्याच्या कमानींतून जाताना देवाचं नाव घेत. आज दोंझेरचा कालवा बोटीला बाजूने घेऊन जातो, आणि पूल उभा आहे तो जुन्या ऱ्होनवर. तिथलं बहुतेक पाणी आम्हीच कालव्यातून घेऊन चाललो होतो. हा या शिडीचा हिशेब, आणि तो मी लपवणार नाही. 2006 च्या कायद्यामुळे 2014 पासून जुन्या पात्रांत सोडायचं किमान पाणी वाढवावं लागलं. नावेला दार पहिल्याच दिवशी मिळालं, माशांच्या वाट्याचं पाणी मात्र फार उशिरा वाढलं.

आर्लच्या खाली नदीला पायरी उरत नाही. ती रुंदावते, काठ खाली बसतात. पोर-सँ-लुईला समुद्राच्या बाजूचं लॉक लागतं, तिथे पाणी जेमतेम हलतं. आमच्या बोटीची डोलकाठी पुलांसाठी ल्योंपासून डेकवर आडवी बांधलेली होती, रोज तिच्यावरून पाय टाकून आम्ही चहा करायला जायचो. तिथल्या क्रेनने ती उचलली, भाच्याने खालचं टोक दोन्ही हातांनी बसवलं आणि बोटीवर पहिल्यांदा शीड चढलं.