मोटारीविना डसन्नीच्या खोऱ्यात

(दृश्य: हिरव्या उतारावरचे एकटे दगडी घर, त्याच्याकडे जाणारी शेतातली वाट.)

वेल्सच्या ग्रामीण भागात सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या घरांच्या जाहिरातींत लाकडाची शेगडी, जाड दगडी भिंती, खिडकीतून दिसणारा डोंगर आणि दारात मोटार उभी करण्याची जागा यांचा उल्लेख हमखास असतो. सर्वांत जवळचा बसथांबा कोणता, तिथून घरापर्यंत चालत किती वेळ लागतो आणि सामान घेऊन ती वाट चालता येते का, हे मात्र त्यांत क्वचितच लिहिलेले असते. येणारा मोटारीनेच येईल, असे घरमालकही धरून चालतो आणि पाहुणाही. त्यामुळे ब्रिटनमध्ये शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी राहणाऱ्या आणि मोटार न बाळगणाऱ्या अनेकांना, त्यांत मराठी विद्यार्थी आणि कुटुंबेही आली, हा प्रदेश आपल्या आवाक्याबाहेरचा वाटतो. तो तसा नाही. फक्त घर निवडण्याचा क्रम उलटा करावा लागतो: आधी रेल्वेचा आणि बसचा नकाशा उघडावा, त्यावर आपला थांबा ठरवावा आणि मग त्या थांब्यापासून चालत जाता येईल असे घर शोधावे.

या क्रमाने आपण लंडनहून निघून वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या डसन्नी नदीच्या खोऱ्यात, अबरगनॉल्विन या गावी जाणार आहोत.

(दृश्य: लंडनचे यूस्टन स्थानक, गाड्यांच्या वेळा दाखवणारा फलक.)

यूस्टनहून निघणारी गाडी साधारण सव्वा तासात बर्मिंगहॅम इंटरनॅशनल स्थानकात पोहोचते. वेल्सकडे जाणारी गाडी येथूनच सुटते, म्हणून ती येथेच धरणे शहाणपणाचे आहे. पुढच्या न्यू स्ट्रीट स्थानकावर गर्दी चढते आणि तोवर जागा भरलेल्या असतात. ही गाडी वेल्स सरकारच्या मालकीच्या ‘ट्रान्सपोर्ट फॉर वेल्स’ या संस्थेची आहे. फेब्रुवारी 2021 पासून या प्रदेशातील प्रवासी रेल्वेसेवा सार्वजनिक मालकीत आलेली आहे. गाड्या साधारण दोन तासांनी एक अशा अंतराने धावतात, म्हणजेच एक गाडी चुकली तर दोन तासांची वाट पाहणे आले. लंडनहून येताना गाडी बदलण्यासाठी दहा मिनिटांऐवजी अर्धा तास हाताशी ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सांगू.

श्रूजबरी हे इंग्लंडमधले शेवटचे मोठे स्थानक आहे. त्याचे फलाट सेव्हर्न नदीच्या वर पसरलेले आहेत आणि येथे गाडीची दिशा बदलते. सीमा ओलांडल्यावर वेल्शपूल येते आणि त्यानंतर न्यूटाउन. सहकाराच्या विचाराचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले रॉबर्ट ओवेन यांचा जन्म 1771 मध्ये याच गावी झाला आणि त्यांची समाधीही येथेच आहे; सहकारी संस्थांच्या आधारावर ज्याचे ग्रामीण अर्थकारण उभे राहिले, त्या महाराष्ट्रातून आलेल्या प्रवाशाने येथे खिडकीबाहेर जरूर पाहावे. पुढे टॅलेर्दिग येथे लोहमार्ग खडकात खोदलेल्या खोल खिंडीतून जातो. डेव्हिड डेव्हिस या वेल्श कंत्राटदाराच्या देखरेखीखाली खोदलेली सुमारे 37 मीटरची ही खिंड 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाली, तेव्हा ती जगातील सर्वांत खोल खिंडींपैकी एक होती.

येथून पुढचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी ठरावीक ठिकाणीच दुसरा रूळ आहे, त्यामुळे एका गाडीला झालेला उशीर समोरच्या गाडीलाही भोगावा लागतो. या मार्गाच्या कडेला सिग्नलचे खांब दिसत नाहीत, कारण पुढे किती अंतर जाण्याची परवानगी आहे हे चालकाला त्याच्यासमोरच्या पडद्यावर कळते. ही युरोपीय पद्धत ब्रिटनमध्ये सर्वप्रथम 2011 मध्ये याच मार्गावर पूर्णपणे लागू झाली.

(दृश्य: मखंथ्लेथ स्थानक. गार्ड फलाटावरून चालतो आहे, डबे वेगळे होत आहेत.)

मखंथ्लेथला सर्वांत जास्त सावध राहावे लागते. येथे गाडीचे दोन भाग होतात: एक भाग अबरिस्टविथला जातो आणि दुसरा किनाऱ्याच्या कडेने उत्तरेला पुथ्लेलीकडे. चुकीच्या डब्यात बसलेला प्रवासी उतरून दुसऱ्या डब्यात गेला नाही, तर वेगळ्याच गावी पोहोचतो. गार्ड वेल्शमध्ये आणि इंग्रजीत सूचना देतो, तरीही तिकीट तपासायला तो येईल तेव्हाच आपला डबा योग्य आहे ना, हे त्याला विचारून घ्यावे.

त्याच वेळी उतरण्याविषयीही सांगून ठेवावे, कारण या किनाऱ्यावरची अनेक छोटी स्थानके विनंती थांबे आहेत. टनफनाय, थ्लँडॅनोग, टिग्विन अशा ठिकाणी गार्डला आधी सांगितल्याशिवाय गाडी थांबत नाही आणि तिथून चढायचे असेल तर फलाटावर उभे राहून चालकाला दिसेल असा हात करावा लागतो. महाराष्ट्रात एस.टी.च्या विनंती थांब्यावर ज्याने हात दाखवला आहे, त्याला ही रीत वेगळी शिकवावी लागणार नाही.

दोन्ही मार्ग प्रत्यक्षात डव्ही जंक्शन येथे वेगळे होतात. या स्थानकाला मोटारीचा रस्ता नाही. पाणथळ गवताळ भूमीतून जाणारी पायवाट तेवढी आहे. त्यानंतर गाडी डव्ही नदीच्या खाडीला इतकी लगटून जाते की भरतीच्या वेळी खिडकीखाली पाणीच दिसते. काही बोगदे, अबरडव्ही हे छोटे बंदर आणि मग टाउइन. येथे आपण उतरतो.

उतरण्याआधी या मार्गाचे मोल समजून घेतले पाहिजे. वेल्सच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे देशाच्या आतूनच जाणारा एकही सलग लोहमार्ग आज शिल्लक नाही. 1963 मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांनी तोट्यातले मार्ग बंद करण्याचा अहवाल दिला आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत रुआबन ते बार्मथ तसेच कारमार्थन ते अबरिस्टविथ या मार्गांवरची प्रवासी वाहतूक थांबली. आज बँगोरहून अबरिस्टविथला रेल्वेने जायचे तर इंग्लंडमधून वळसा घ्यावा लागतो. त्या तुटलेल्या मार्गांची जागा आता ‘ट्रॉस्कम्री’ या लांब पल्ल्याच्या बससेवेने घेतली आहे. टी2 बस बँगोरहून डॉलगेथ्लाय आणि मखंथ्लेथमार्गे अबरिस्टविथला जाते, तर टी3 बस रेक्सहॅमहून बाला आणि डॉलगेथ्लायमार्गे बार्मथला येते. घर शोधताना या दोन मार्गांवरची गावे आधी पाहावीत. आमच्या मते मोटारीविना येणाऱ्यासाठी ती सर्वांत सोयीची आहेत.

(दृश्य: टाउइन व्हार्फ. लहान वाफेचे इंजिन, डब्यांना तेल घालणारा स्वयंसेवक.)

टाउइनहून अबरगनॉल्विनला बस जाते, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच आहेत. हंगाम असेल तर दुसरा एक मार्ग आहे आणि आपण त्याच मार्गाने जाणार आहोत. स्थानकापासून काही मिनिटांच्या अंतरावर टॅलिथ्लिन रेल्वेचे स्थानक आहे. ब्रिन एग्लूइस खाणीतील स्लेटचा दगड टाउइनपर्यंत आणण्यासाठी 1860 च्या दशकात बांधलेला, सुमारे 12 किलोमीटर लांबीचा हा अरुंद मार्ग आहे. 1946 च्या अखेरीस खाणीत मोठी पडझड झाली आणि ती बंद पडली. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी मात्र गाडी बंद होऊ दिली नाही. 1950 मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्था स्थापन करून 1951 पासून स्वयंसेवकांच्या बळावर गाडी चालवायला सुरुवात केली. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातील पहिली रेल्वे होय. सरकार मोठमोठे मार्ग मोडीत काढण्याच्या बेतात होते, त्याच्या बारा वर्षे आधी सामान्य माणसांनी एक छोटा मार्ग स्वतःच्या हातांनी राखला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. वायव्य वेल्सच्या स्लेट खाणींचा जो भूप्रदेश 2021 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून स्वीकारला, त्यात या रेल्वेचाही समावेश आहे.

गाडी डॉलगॉखच्या धबधब्याजवळ थांबून अबरगनॉल्विन स्थानकात येते. येथून गाव उतारावर खाली, चालण्याच्या अंतरावर आहे. खाणकामगारांसाठी बांधलेली एकाला एक लागून असलेली घरे हे या गावाचे मूळ रूप आहे. अशा घरात उतरायचे असेल, तर चाकांच्या बॅगेपेक्षा पाठीवरची पिशवी बरी, कारण खोऱ्यातल्या वाटा खडबडीत आहेत.

वाणसामानाचा विचार मखंथ्लेथ किंवा टाउइनलाच करावा. गावातल्या दुकानावर सगळा भार टाकता येत नाही आणि डाळ, तांदूळ, मसाला तर घरूनच न्यावा. टॅक्सी लागणार असेल तर ती कित्येक दिवस आधी ठरवावी, कारण ग्रामीण भागात टॅक्सी थोड्या असतात आणि सकाळ-दुपार त्यांतल्या बऱ्याच शाळेच्या मुलांची ने-आण करण्यात गुंतलेल्या असतात. घराचा आठवडा पुष्कळदा शनिवारी सुरू होऊन शनिवारी संपतो, तो मोटारीवाल्यांना सोयीचा आहे. बसने येणाऱ्याने शक्य असल्यास सोमवार ते शुक्रवार असा मुक्काम मागावा. रविवारी अनेक ग्रामीण मार्गांवर बस धावतच नाही.

(दृश्य: थ्लानविहांगेल-अ-पेनांत, ओढ्याकाठचे पडके घर आणि त्यातला स्मारकस्तंभ.)

गावातून चालत जाण्याजोगी ठिकाणेही कमी नाहीत. 1221 च्या सुमारास थ्लेवेलिन अब योरवर्थ या वेल्श राजाने बांधायला घेतलेला कास्टेथ्ल-अ-बेरे हा किल्ला याच खोऱ्यात आहे आणि त्याच्या थोडे पुढे एका घराचे अवशेष आहेत. या घरातली मेरी जोन्स ही मुलगी वेल्श भाषेतले बायबल विकत घेता यावे म्हणून वर्षानुवर्षे पैसे साठवत होती. 1800 साली, पंधरा वर्षांची असताना, ती डोंगर ओलांडून बालापर्यंत सुमारे 40 किलोमीटर चालत गेली. आज डॉलगेथ्लायहून टी3 बस त्याच बालाला तासाच्या आत पोहोचते. अडचण आहे ती डॉलगेथ्लायपर्यंतच्या पहिल्या टप्प्याची, आणि ग्रामीण वेल्सच्या सार्वजनिक वाहतुकीचा खरा प्रश्न हाच आहे: मोठा प्रवास सुरळीत होतो, पण मुख्य मार्गापासून उंबऱ्यापर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर कठीण जातात.

हा प्रश्न पर्यटकाच्या आधी गावकऱ्यांचा आहे. दवाखान्यात जाणारी वृद्ध मंडळी आणि महाविद्यालयात जाणारी मुले याच बसवर अवलंबून असतात. 1986 पासून लंडनबाहेरच्या ब्रिटनमध्ये बस कंपन्यांना आपले मार्ग स्वतः ठरवण्याची मुभा मिळाली आणि कमी प्रवाशांचे मार्ग स्थानिक परिषदांच्या अनुदानावर तगले. काही भागांत ‘फ्लेक्सी’ नावाची, आधी मागणी नोंदवल्यावर येणारी छोटी बस सुरू झाली आहे. मार्च 2025 मध्ये वेल्स सरकारने सेनेदमध्ये, म्हणजे वेल्सच्या संसदेत, बससेवेचे विधेयक मांडले. बसमार्ग आणि वेळापत्रके सार्वजनिक यंत्रणेने ठरवावीत आणि कंपन्यांनी ती कराराने चालवावीत, अशी त्यातली मांडणी होती. रेल्वे ज्या संस्थेच्या हाती आहे, तिच्याच हाती बसचे नियोजन आले, तर टाउइनला गाडी पोहोचण्याच्या वेळेशी खोऱ्यात जाणाऱ्या बसची वेळ जुळवता येईल, आणि टॅलिथ्लिनची गाडी बंद असते त्या हिवाळ्यातही अबरगनॉल्विनच्या पाहुण्याला आणि गावकऱ्याला घरी पोहोचवणारी बस मिळू शकेल.