कर्ण किती घरं ओलांडतो?

मंडळी, चौकटीच्या वहीत चार घरं उंच आणि सहा घरं रुंद असा आयत काढा. या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कर्ण ओढा. तो किती घरांतून गेला? सूत्र तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. माझी विनंती एवढीच, की ते वर्गात आधी सांगू नका.

एका सहावीतल्या मुलीची हकीकत सांगतो. ती जिथे शिकवणीला जायची, तिथल्या छापील नोट्समध्ये लिहिलं होतं: लांबी अधिक रुंदी वजा एक. पाठ करा. आता ३ × ५ ला ७ घरं येतात, बरोबर. ४ × ७ ला १०, तेही बरोबर. पोरीने घरी ४ × ६ काढून पाहिला. सूत्राप्रमाणे ९ यायला हवीत, तिची भरली ८. परत मोजली, आठच. दुसऱ्या दिवशी वही दाखवली, तर उत्तर मिळालं, "पेन्सिल बोथट आहे तुझी, टोक करून ये."

तिने टोक केलं. ती वही मी पाहिली आहे. केसासारखी बारीक रेघ, आणि आयताच्या बरोबर मधोमध, जिथे एक उभी आणि एक आडवी रेघ भेटते, तिथे तिने लाल ठिपका दिलाय. कर्ण त्या ठिपक्यातूनच जातो. अहो, अख्खं उत्तर त्या ठिपक्यात आहे! एवढीशी पोर तिथवर पोचली, आणि आपण तिला पेन्सिलीकडे बघायला लावलं. मला याचा अजून राग येतो. पोर्शन संपवायचा असतो, मान्य. पण ६ × ६ चा आयत फळ्यावर काढायला कितीसा वेळ लागतो? नोट्सप्रमाणे ११, प्रत्यक्षात ६. एवढं दाखवलं तरी वर्ग भांडायला उठतो. आणि भांडणारा वर्ग मला फार आवडतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर सिद्धता भरभर सांगतो.

पहिलं घर धरा. पुढे कर्ण दरवेळी एखादी रेघ ओलांडतो, तेव्हा नवं घर मिळतं. आतल्या उभ्या रेघा रुंदीपेक्षा एक कमी, आडव्या लांबीपेक्षा (म्हणजे उभ्या बाजूपेक्षा) एक कमी. बेरीज तीच, लांबी अधिक रुंदी वजा एक. पण ठिपक्यावर दोन रेघा एकदम ओलांडल्या जातात आणि घर मात्र एकच नवं मिळतं, म्हणून दर ठिपक्यामागे एक वजा. आतले ठिपके किती? मसावीपेक्षा, म्हणजे दोन्ही बाजूंना भाग जाणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा, एक कमी. ४ × ६ म्हणजे कर्णावर ओळीने मांडलेले दोन २ × ३, मध्ये एक ठिपका. म्हणून लांबी अधिक रुंदी वजा मसावि: ४ + ६ − २ = ८.

मसावि काढायला युक्लिडची रीत वापरा: आयतातून मोठ्यात मोठे चौरस कापत जा, शेवटी उरतो त्या चौरसाची बाजू म्हणजे मसावि. आर्यभटाच्या ४९९ सालच्या कुट्टकातही, म्हणजे पूर्णांकी उत्तरं शोधायच्या त्याच्या रीतीतही, हीच भागाकारांची साखळी आहे. यावर खरं तर वेगळं बोलायला हवं.

शेवटचं, खोक्याचं: छोट्या घनांच्या खोक्यात या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण किती घनांतून, म्हणजे घरांतून, जातो? तिन्ही बाजूंची बेरीज, त्यातून दोन-दोन बाजूंचे तीन मसावि वजा, आणि तिन्हींचा मसावि परत मिळवा. कारण तीन दिशांची प्रतलं एकदम भेटतात तिथे आपण तीनदा वजा केलं, करायचं होतं दोनदा. अमेरिकेतल्या एआयएमई या शालेय गणित स्पर्धा परीक्षेत १९९६ साली १५० × ३२४ × ३७५ चं खोकं विचारलं होतं. उत्तर ७६८. घरी करून बघा, पण आधी २ × ३ × ४ चं खोकं घ्या आणि घरं हाताने मोजा.